खदानीतल्या पाण्याची राखणदार

शनिवारी सकाळी नागुबाई खदानीच्या काठावर आली आणि जागच्या जागी थांबली. आदल्या संध्याकाळी पाणी नवव्या रेघेला टेकलेलं तिनं पाहिलं होतं. आता दहावी रेघ दिसतच नव्हती.

रेघा तिनंच मारलेल्या होत्या. खदानीच्या उभ्या काळ्या दगडावर, हाताहाताच्या अंतरानं, ऑफिसच्या दाराला लावून उरलेल्या पांढऱ्या रंगाच्या. एकूण पंधरा. पंधरावी रेघ म्हणजे बांधाचा माथा. रोज सकाळ-संध्याकाळ रेघ बघायची आणि सुपरवायझरला सांगायची, हे तिचं काम. कुणी तिला ते नेमून दिलं नव्हतं. मोटारीवर कामाला लागली तेव्हा कळशी भरते की नाही हे बघावं तसं तिनं ते आपणहून सुरू केलं, आणि मग ते तिचंच होऊन बसलं.

नागुबाई सोनकांबळे बिलोलीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन बोरतळला आली, ती दुसऱ्याच आठवड्यात हातोडा घेऊन खडी फोडायला बसली. बोरतळ मुखेड तालुक्यात, माळाच्या पोटाशी. माळावर काळ्या दगडाची खदान. पुढं क्रशर आलं, हातानं खडी फोडायचं काम गेलं आणि नागुबाई पाण्याच्या मोटारी चालू-बंद करायच्या कामावर आली. तिचा नवरा ग्यानोबा ड्रिल मशीनवर होता. वीस वर्षं त्यानं दगडाला भोकं पाडली. ती पूड त्याच्या छातीत बसली. आता तो दारातल्या बाजेवर बसून असायचा; दहा पावलं चालला की भिंतीला हात लावून उभा राहायचा. मुलगा आदर्श हैदराबादेत ट्रकवर. घरात सून लुंबिनी, ती वस्तीची आशा वर्कर. वस्ती खदानीच्या अगदी खाली, उतारावर. तेवीस घरं.

माळावर खदानी दोन होत्या. एक चालू आणि एक जुनी. जुनीतला चांगला दगड सहा वर्षांपूर्वी संपला. तिचं खालचं अंग उघडं होतं, कारण ट्रक तिथून वर यायचे. मालकानं ती वाट मुरूम आणि क्रशरचा भुगा टाकून बुजवली, वर पोकलेन फिरवला आणि आत पावसाचं पाणी साठवायला सुरुवात केली. क्रशरची धूळ दाबायला पाणी मारावं लागतं, ते तिथून यायचं. एप्रिलमध्ये गावातल्या बोअरला फेस यायला लागला की तेच पाणी टाकीत सोडायचे. आदल्या उन्हाळ्यात तर दोन महिने सगळं बोरतळ त्या पाण्यावर जगलं. त्यामुळं त्या पाण्याकडं सगळ्यांचंच लक्ष असायचं. आणि त्या साली जुलै कोरडा गेला होता. ऑगस्टच्या मध्याला पाऊस लागला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नागुबाईनंही टाकला.

पण एका रात्रीत दीड हात पाणी तिनं सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती पत्र्याच्या ऑफिसात गेली. सुपरवायझर शिवमूर्ती अप्पा चहा घेत होता. देगलूरकडचा माणूस, पोकलेन चालवता चालवता सुपरवायझर झालेला. स्वभावानं वाईट नव्हता, पण मालकाचा फोन आला की खुर्चीतून उठून बोलायचा.

"अप्पा, दहावी बुडाली. दोन्ही मोटारी चालू करू का? पाणी पलीकडच्या ओढ्यात सोडते."

"ओढ्यात? कशाला?"

"माळाचं पाणी अजून उतरून राहिलंय. बांधाला सांडवा न्हाई. पाणी वर चढलं तर जाईल कुठून?"

शिवमूर्तीनं मालकाला नांदेडला फोन लावला. उठून उभा राहिला, तीनदा "हाव साहेब" म्हणाला आणि फोन ठेवला. "थांबा म्हणाले. जूनमध्ये पाण्यावाचून क्रशर बंद ठेवावं लागलं होतं, ते विसरलात का म्हणाले. पाच रेघा बाकी आहेत म्हणाले."

"त्यांना रेघा कुठून दिसून राहिल्या?" नागुबाई म्हणाली. पण हे ती बाहेर आल्यावर, स्वतःशीच.

बाहेर सुरुंगवाले गुरुपादप्पा मामा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभे होते. साठीचा माणूस, दगडाला नुसता हात लावून तो कुठं फुटेल ते सांगायचा. त्यांनी बांधाकडं बोट केलं. "त्याला बांध म्हणू नको नागू. ढीग हाय तो. आत माती दाबली न्हाई, दगडाला दगड धरला न्हाई. खालून जाऊन बघत जा. पाणी झिरपतंय ते निवळ असलं तर झिरपू दे. गढूळ यायला लागलं म्हंजे ढीग आतून वाहून राहिलाय. मंग कुणाच्या हुकमाची वाट बघू नको."

नागुबाई खाली जाऊन बघून आली. बांधाच्या पायथ्याशी मनगटाएवढी धार होती. निवळ. तरी तिनं वर येऊन दोन्ही मोटारी चालू केल्या. न विचारता.

तासाभरात वस्तीतल्या सहा-सात बाया वर आल्या. पुढं उमाबाई. नागुबाईच्या घराला घर लावून राहणारी, तिच्याच वयाची. दोघींनी एकाच खड्ड्यापाशी बसून खडी फोडलेली.

"नागू, पाणी ओढ्यात सोडून राहिलीस? खरं का?"

"बांध भरून राहिलाय उमा."

"भरू दे की! भरायसाठीच बांधलाय ना तो? मे महिन्यात तू देणार का पाणी? माझी म्हैस काय तुझ्या रेघा चाटंल?"

दुसरी एक म्हणाली, "जुलै सगळा कोरडा गेला. देवानं आत्ता कुठं दिलं तर हिनं वाटेला लावलं."

नागुबाईला उन्हाळा आठवला. टाकीपाशी पहाटेपासून लावलेले हंडे, त्यावरून झालेली मारामारी, ग्यानोबाला खोकल्याची उबळ आली असताना घरात तांब्याभर पाणी नसणं. बाया ओरडत होत्या म्हणून नव्हे; त्या म्हणत होत्या ते खरं होतं म्हणून ती मोटारीच्या खोलीत गेली आणि दोन्ही बटणं बंद केली. हे ती पुढं कुणापासून लपवत नसे. "बंद मीच केल्या," ती म्हणायची. "कुणी माझा हात धरला नव्हता."

रविवारी पावसानं उघडीप दिली. ऊन नव्हतं, पण आभाळ वर गेलं. उमाबाईनं हसून विचारलं, "काय गं, फुटला का बांध?" नागुबाईही हसली. पण पाणी चढतच होतं. वरच्या शेतांतलं, नाल्यांतलं पाणी सावकाश उतरून खदानीत येत होतं. संध्याकाळी बारावी रेघ भिजली. दोन्ही मोटारी दिवसभर चालल्या असत्या तर रेघभर पाणी उतरलं असतं. दोन दिवसांच्या दोन रेघा. हा हिशोब तिच्या डोक्यातून जाईना. जेवताना तिनं भाकरीचा एकच तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

"आत्याबाई, जेवा की," लुंबिनी म्हणाली.

ग्यानोबानं बाजेवरून तिच्याकडं पाहिलं. "काय बघून आलीस?"

"काही न्हाई."

"तीस वर्षं झाली. तुझं काही न्हाई मला कळतं." एवढं बोलून त्याला धाप लागली.

सोमवारी सकाळी लुंबिनी फोन घेऊन चुलीपाशी आली. आरोग्य खात्याच्या ग्रुपवर निरोप होता: जिल्ह्यात दुपारनंतर अतिवृष्टीचा इशारा, रेड अलर्ट. नागुबाईनं पदर खोचला आणि उपाशीपोटीच बांधाच्या पायथ्याशी गेली. धार आता मांडीएवढी झाली होती. तिनं ओंजळ धरली. ओंजळीत ताकासारखं पांढरट-तांबडं पाणी आलं आणि तळाशी मुरमाचे बारीक कण बसले. तिनं ते फेकून पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा तेच.

ती वर धावली. मोटारींची बटणं दाबली. मोटारी घरघरल्या, पाइपातून पाणी पडायला लागलं, आणि वीस मिनिटांत लाईट गेली.

ती ऑफिसात शिरली ती दारावर थाप न मारता. "अप्पा, गढूळ आलं."

शिवमूर्तीनं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मालकाचा फोन लागत नव्हता. बाहेर आभाळ असं काळं झालं होतं की सकाळी अकराला ऑफिसात दिवा लावावासा वाटत होता. लाईटच नव्हती.

"डिझेलचं इंजन आहे," तो म्हणाला. "पण त्यानं काय होणार? तांब्यानं विहीर उपसायची ती."

गुरुपादप्पा दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "पश्चिमेच्या अंगाला बघा. तिथं खदानीचा काठ सगळ्यात खाली हाय. वर दोन हात मुरूम, खाली अख्खा दगड. मुरूम तेवढा उकरून वाट केली तर पाणी ओढ्याकडं पडंल. दगड वाहून जात न्हाई. बांधावरून पाणी जाण्यापरीस ते बरं."

"सुरुंग लावता?" शिवमूर्तीनं विचारलं.

"सुरुंगाचं नाव काढू नका. एक दणका बसला की ढीग बसंल खाली. पोकलेननं उकरावं लागंल, हलक्या हातानं."

पोकलेनचा ड्रायव्हर पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला गावी गेला होता, पावसानं तिकडंच अडकला होता. मग शिवमूर्तीनं टेबलाचा खण उघडून चावी काढली. "मालकानं नंतर विचारलं तर..." असं म्हणून तो थांबला. वाक्य पुरं न करताच पायातले बूट काढून ठेवले. अनवाणी पायानं पॅडल चांगलं कळतं, असं त्याला जुन्या दिवसांत वाटायचं.

"अप्पा, पाणी जाईल त्या वाटेला माणिकरावचं सोयाबीन हाय," नागुबाई म्हणाली.

"माहीत आहे. तू वस्ती उठव."

ती खाली उतरत असतानाच पाऊस आला. थेंब थेंब आलाच नाही, एकदम आला. पुढचं माणूस दिसेना. तेवीस घरं, आणि प्रत्येक दारात तेच बोलायचं: बांध गळून राहिलाय, शाळेत चला. जिल्हा परिषदेची शाळा टेकाडावर होती. लुंबिनी एका ओळीनं घरं घेत गेली, नागुबाई दुसऱ्या. लुंबिनीला कोणत्या घरात कोण आजारी, कोण बाळंतीण, सगळं पाठ. तिचं ऐकून माणसं हलत होती. नागुबाईचं ऐकून निम्मी हलत होती.

"परवापण असंच म्हणत होतीस," एक म्हातारा म्हणाला.

उमाबाई गोठ्यात होती. "मी न्हाई येत. म्हैस आज-उद्या व्यायला झालीय. ह्या पावसात तिला टेकाडावर चढवू?"

"दावं सोड तिचं आणि तू चल."

"तुझी म्हैस असती तर सोडली असतीस?"

नागुबाईला रडू फुटायच्या बेतात होतं. वेळ जात होता आणि तो जाताना तिला जणू ऐकू येत होता. तिनं वाद घातला नाही. ती आपल्या घरात गेली. "उठा," ती ग्यानोबाला म्हणाली.

"मला चढवत न्हाई. तू जा. मी हाय इथंच."

"तुम्हाला कुणी चालायला सांगितलंय?"

तिनं, लुंबिनीनं आणि शेजारच्या दोघांनी बाज उचलली. ग्यानोबावर ताडपत्री टाकली. चिखलात पाय रुतत होते, बाज एकीकडं कलत होती, आणि ताडपत्रीखालून त्याचा खोकला येत होता. वस्तीतल्या लोकांनी दारातून ते पाहिलं. ज्या माणसाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी दोन दिवस विचार करावा लागतो, त्याला ही बाई असल्या पावसात घराबाहेर काढते. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. भांडी, गोधड्या, शेळ्या, लेकरं, जो तो जे हाताला लागेल ते घेऊन निघाला. उमाबाई सगळ्यात शेवटी आली. म्हशीचं दावं तिनं सोडलं होतं, पण म्हैस गोठ्यातून हलली नव्हती.

बाज शाळेच्या व्हरांड्यात टेकवून नागुबाई पुन्हा माळाकडं निघाली. "आत्याबाई, आता कशाला?" लुंबिनीनं तिचा दंड धरला.

"अप्पा आणि मामा दोघंच हायेत तिथं. पाणी कुठवर आलं ते अप्पांना मशीनमधून दिसत न्हाई."

चौदावी रेघ बुडाली होती. पश्चिमेच्या काठावर पोकलेन पावसात काळ्या जनावरासारखा वाकत होता. गुरुपादप्पा पुढं उभे राहून हातानं खुणा करत होते, कारण आवाज पोचत नव्हता. नागुबाई पंधराव्या रेघेच्या समोर, जिथून बांध आणि चर दोन्ही दिसतील अशा दगडावर बसली. पाणी चढलं की एक हात वर करायचा, थांबलं की दोन्ही, एवढंच ठरलं. किती वेळ ती एक हात वर करून बसली ते तिला नंतर सांगता आलं नाही. खांदा लाकडासारखा झाला. बांधावर एका जागी बोटभर भेग पडली आणि तिच्या डोळ्यांदेखत वीतभर रुंद झाली. आपण शनिवारी मोटारी बंद केल्या ती खोली तिथून दिसत होती. तिकडं ती बघत नव्हती.

पोकलेनची बादली दगडाला घासली, त्याचा कर्कश आवाज तेवढा पावसातून आला. आणि मग चरातून पाणी सुटलं. आधी मेंढरांच्या कळपासारखं गोळा होऊन थांबलं, मग एकदम ओढ्याकडं कोसळलं. नागुबाई रेघेकडं टक लावून होती. पाणी चढेना. दोन्ही हात वर करायचे हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला.

तरीही बांध पूर्ण वाचला नाही. अर्ध्या तासानं भेगेच्या बाजूचा तुकडा खाली बसला. मोठा आवाजही झाला नाही, दमलेलं माणूस भिंतीला टेकून खाली बसावं तसं झालं. चर पाडला नसता तर बांधामागं उभं राहिलेलं सगळं पाणी एका झटक्यात गेलं असतं. तसं झालं नाही. चरानं बरंच उतरवलं होतं, म्हणून वरचं तेवढं खाली गेलं. तेवढंही कमी नव्हतं. वस्तीतून कमरेएवढं पाणी मुरूम घेऊन गेलं. सहा घरं पडली. उमाबाईचं घर पडलं, गोठा गेला, म्हैस दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या वळणावर बाभळीत अडकलेली सापडली. नागुबाईच्या घराची मागची भिंत गेली. माणिकरावच्या दोन एकर सोयाबीनवर हातभर चिखल बसला. माणूस एकही गेला नाही. शाळेत लुंबिनीनं दोनदा डोकी मोजली, नंतर उजेड जायच्या आत तिसऱ्यांदा मोजली.

तहसीलची गाडी आली, पंचनामे झाले, खदान बंद झाली. कागदावर लिहिलं गेलं की अतिवृष्टीमुळं बांध फुटला. शिवमूर्तीला मालकानं कामावरून काढलं. तो आता उदगीरला कुणाच्या तरी मशीनवर आहे. माणिकराव वर्षभर नागुबाईशी बोलला नाही. उमाबाई बोलायची, पण म्हशीबद्दल नाही. नागुबाईनं एकदा विषय काढला. "शनिवारी मी मोटारी बंद केल्या नसत्या तर..."

"बंद करायला आम्हीच आलो होतो," उमाबाई म्हणाली आणि पातेलं घासत राहिली.

खदान पाच महिन्यांनी पुन्हा सुरू झाली. आता जुन्या खदानीला पश्चिमेकडं दगडी सांडवा आहे, आणि पावसाळ्यात पाणी अकराव्या रेघेच्या वर ठेवायचं नाही असा लेखी आदेश. म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी पडतं. मागच्या मे महिन्यात बोरतळला टँकर सुरू झाला आणि रांगेत उभं राहून काही जणांनी नागुबाईला ऐकवलंही. पावसाळ्यातली तिची झोप उडाली ती अजून परत आलेली नाही. पत्र्यावर जोराची सर आली की ती उठून बसते, आणि ग्यानोबा अंधारातून विचारतो, "जायचंय का?"

या जूनमध्ये बिलोलीला खदानींवर काम करणाऱ्यांची एक बैठक झाली. मोटारवाले, सुपरवायझर, ड्रायव्हर असे चाळीसेक जण. अधिकाऱ्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली आणि मग नागुबाईला उभं केलं. "जय भीम, नमस्कार" म्हणून ती नुसतीच उभी राहिली. मागच्या बाकावरून एका मोटारवाल्यानं विचारलं, "बाई, भीती न्हाई का वाटली?"

"वाटली की," ती म्हणाली. "शनिवारीच वाटली होती. बायांनी भांडण काढलं आणि मी ती गिळली. तुम्हाला वाटली तर गिळू नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या मोटारवाल्यानं आपल्या खदानीच्या बांधाविषयी आणखी काहीतरी विचारायला सुरुवात केली, आणि ती पदर सावरून त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसली, नीट ऐकायला.